कच्चा लिंबू

माझी जन्मतारीख १ जून. माझ्या धाकट्या भावाची १ जून, चुलतभावाची १ जून, आणि वर्गात माझ्या पुढच्या रांगेत बसणाऱ्या चौघांचीही १ जूनच. मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात त्या एका दिवशी सुईणीला पाणी प्यायला फुरसत मिळाली नसेल, असं कोणाला वाटेल. तसं काही नाही. ही सगळी मास्तरांची करणी. माय सांगायची, "ज्या साली तुरीवर अळी पडली नं, त्या साली झाला हा." आता अळीची तारीख दाखलखारिज रजिस्टरात कशी लिहिणार? मास्तर सोयीची एक तारीख टाकून मोकळे होत.

पण नाव टाकण्याआधी परीक्षा असे. "उजवा हात डोक्यावरून घे आन् डावा कान पकड." पकडला तर दाखल. नाही पकडला तर "याले पुढच्या साली आना." हे १९५५ सालचं. अकोला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी मान तिरपी करून कान पकडला, मास्तरांनी काणाडोळा केला, आणि पुढे मीच तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली.

परवा अमरावतीच्या घरी लाइन गेली होती. टीव्ही बंद, मोबाइलची बॅटरी संपलेली, तेव्हा कुठे पोट्ट्यांना आबाजी आठवले. श्रोते तीन. नातू बाल्या, सहा वर्षांचा. खालचा पुढचा दात हलतो आहे आणि जीभ दिवसभर त्याच कामावर आहे. नात ताई, अकरा पूर्ण. आणि शेजारचा साडेआठ वर्षांचा चश्म्या, जो जेवायला तेवढा स्वतःच्या घरी जातो.

कानाची गोष्ट ऐकताच तिघांचे हात डोक्यावरून गेले. बाल्याची बोटं कानाच्या वरच्या कडेला जेमतेम टेकली. चश्म्यानं अख्खा कान मुठीत धरला. ताईचा हात गालापर्यंत उतरला.

"पन आबाजी, कान पकडला म्हंजे सहा वर्षाचा झाला, हे मास्तरले कोनं सांगितलं?" चश्म्या.

कोणी सांगितलं नसेल. पाहून पाहून कळलं असेल. जन्मलेल्या लेकराचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या चौथा हिस्सा असतं. सहा-सात वर्षांच्या पोराचं साधारण सहावा हिस्सा, आणि माझ्यासारख्या वाढ संपलेल्या माणसाचं साडेसातावा-आठवा. घर बांधताना आपण पाया आधी घालतो. माणूस बांधताना निसर्ग कळस आधी बसवतो. सहा वर्षांचं होईपर्यंत मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या नऊ-दशांशाच्या आसपास पोचलेलं असतं. हातपाय मात्र तेव्हा नुकते कामाला लागलेले. ते डोक्याला वळसा घालण्याइतके लांब झाले, की कान हाती येतो.

"म्हंजे माया डोक्यात तुमच्याएवढं हाय?" बाल्यानं विचारलं.

"भांडं तेवढं हाय. भरनं बाकी हाय."

ही कानाची परीक्षा चुकतेही बरं. मेळघाटातल्या, पोटभर न मिळाल्यानं वाढ खुंटलेल्या पोराचं वय कान सांगणार नाही. अशी किती पोरं मास्तरांनी वर्षभरासाठी परत धाडली असतील कोण जाणे.

आमच्या माजघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर आखाजीला नातवंडांना चौकटीला पाठ लावून उभं करतो, डोक्यावर पाटी आडवी धरतो आणि रेघ मारतो. सकाळीच मारतो, कारण दिवसभराच्या उभं राहण्यानं पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळी माणूस सेंटीमीटरभर बुटका होतो. हा नाद माझा एकट्याचा नाही. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या उमरावाला १७५९ साली मुलगा झाला. त्यानं पुढली अठरा वर्षं, साधारण दर सहा महिन्यांनी त्याला असंच मोजलं, आणि त्याचा मित्र ब्युफाँ या निसर्गअभ्यासकानं ते आकडे छापले. माणसाचं पोर कसं वाढतं याचा पहिला सलग हिशोब तोच.

त्या फ्रेंच पोराच्या रेघा आणि आमच्या चौकटीवरच्या रेघा चालीनं सारख्याच. पहिल्या वर्षात २५ सेंटीमीटरच्या आसपास उडी. मग वेग ओसरत जातो, आणि सहा ते दहा या वर्षांत रेघा पायऱ्यांसारख्या सारख्या अंतरावर येतात: वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर, वजन दोन-तीन किलो. शेळी दीड वर्षाच्या आत आई होते. आमचं पोर दहा वर्षांचं झालं तरी अजून पोरच. एवढा आळस निसर्गाला परवडतो कसा?

परवडतो, कारण पैसा दुसरीकडे चालला आहे. ज्या घरात थोरल्याची कॉलेजची फी भरायची असते, तिथं स्लॅबचं काम पुढल्या वर्षावर जातं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मेंदूचा खर्च आणि शरीराची वाढ यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पाचेक वर्षांच्या मुलाचं शरीर स्वस्थ पडून असताना जेवढी ऊर्जा खर्चतं, तिच्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा एकटा मेंदू खातो. मोठ्या माणसाचा मेंदू पाचव्या हिश्श्यावर भागवतो. आणि मेंदू सगळ्यात भुकेला असतो, नेमक्या त्याच सुमारास अंगाची वाढ सगळ्यात मंद असते. हे ऐकून बाल्या एकदम म्हणाला, "म्हनूनच मले भूक लागते." त्याच्या आजीनं आत जाऊन चिवड्याचा डबा आणला. विज्ञानाचा आमच्या घरी ताबडतोब उपयोग होतो.

ताईच्या यंदाच्या रेघेनं मात्र पायरी मोडली. एका वर्षात आठ सेंटीमीटर. वर्गात ती सगळ्या पोरांपेक्षा उंच झाली आहे आणि हल्ली खांदे पाडून चालते. तिला सांगितलं, बेटा, पोरींची ही उडी पोरांच्या दोनेक वर्षं आधी येते. आठवीत-नववीत गेलीस की हेच पोट्टे वर मान करून नाही, खाली मान करून बोलतील. ती काही बोलली नाही. पण चिवडा घ्यायला उठली तेव्हा सरळ उठली.

सहा-सातला पोराच्या हाती काम द्यावं, हे जगभरच्या आयाबायांना कुठलाही प्रयोग न करता माहीत आहे. बार्बरा रोगॉफ या विदुषीनं १९७५ मध्ये सहकाऱ्यांसोबत पन्नास समाजांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाच ते सातच्या दरम्यान बहुतेक ठिकाणी मुलांकडे काहीतरी सोपवलेलं दिसलं: धाकट्याला सांभाळ, पाणी आण, गुरं राख. आमच्या तालुक्यातलं दापुरे हे गाव त्यासाठी आठवावं. शेंडगावचा डेबूजी, बाप वारल्यावर मायसोबत तिथं मामाकडे आला आणि गुरं राखू लागला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. तोच पुढे गाडगेबाबा झाला, आणि आज अमरावतीचं विद्यापीठ त्याच्या नावानं पदव्या देतं. गुराखी पोराला पंधरा-वीस गुरांची गणती, कोणतं ढोर कोणाच्या वावरात घुसणार याचा अंदाज आणि सूर्यावरून वेळ, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. चार वर्षांच्या पोराला ते जमणार नाही, आठच्या पोराला जमतं. मधे नेमकं काय होतं?

ते पाहायला मी स्वयंपाकघरातून दोन सारखे पेले, एक गडवा आणि एक उंच निमुळता काचेचा ग्लास मागवला. मेणबत्तीच्या उजेडात दोन्ही पेल्यांत सारखं पाणी भरलं. तिघांनी वाकून वाकून खात्री केली. मग एका पेल्यातलं पाणी उंच ग्लासात ओतलं.

"आता जास्त कशात?"

"ग्लासात!" बाल्या. एका क्षणाचाही विचार नाही.

पाणी परत पेल्यात ओतलं. "आता?" "आता सारखं." पुन्हा ग्लासात. "आता?" "आता ग्लासात जास्त." त्याच्या डोळ्यांसमोर तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा ग्लासात गेल्यावर पाणी वाढलं. शेवटी मी गडव्यात ओतलं, तर म्हणतो, "गेलं नं कमी होऊन! कशाले ओततो?"

चश्म्याला हे सहन होईना. "अबे, त्यानं बाहेरून थोडंच टाकलं? उंच हाय, पन बारीक हाय नं!" त्याच्या एका वाक्यात दोन शोध आहेत. काही घातलं नाही, काही काढलं नाही, म्हणजे तेवढंच आहे. आणि उंची वाढली तशी रुंदी घटली. बाल्याला एका वेळी एकच गोष्ट दिसते, चश्म्याला दोन दिसतात, आणि ओतलेलं पाणी मनातल्या मनात उलटं ओतून पाहता येतं.

हा पाण्याचा खेळ मांडला तो स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेनं. हा माणूस स्वतः दहा वर्षांचा असताना, १९०७ मध्ये, त्यानं अंगावर पांढरी पिसं असलेल्या एका चिमणीवर पानभर टिपण लिहून छापून आणलं होतं. मोठेपणी पॅरिसला मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या तपासायच्या कामाला लागला. बाकीचे बरोबर उत्तरं मोजत; याला चुकीच्या उत्तरांचं कुतूहल. एका वयाची पोरं एकाच तऱ्हेनं का चुकतात? त्यातून पुढे सगळं निघालं. त्यानं घातलेल्या वयाच्या रेषा नंतरच्यांनी बऱ्याच मागेपुढे सरकवल्या. मेक्सिकोत १९६९ मध्ये असं दिसलं, की कुंभारांच्या पोरांना माती लाटली-चेपली तरी तेवढीच राहते, हे इतर पोरांआधी उमगतं. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या आमच्या पोरांना कोणी असं तपासलं तर मजा येईल. बैलाची शिंगं लांब ओढली की पोट बारीक होतं, हे त्यांना पियाजेनं सांगावं लागत नाही.

तेवढ्यात आजीनं आतून फर्मान सोडलं: मीठ, हळद, माचिस आन् पावभर फल्लीदाणे. बाल्या धावत गेला आणि माचिस व एक चॉकलेट घेऊन आला. मग चश्म्याला पाठवलं. तो अंगण ओलांडताना मी त्याच्याकडे टॉर्च मारली. ओठ हलत होते. मीठ-हळद-माचिस-फल्लीदाणे, मीठ-हळद-माचिस-फल्लीदाणे. चारही जिनसा आल्या.

या हलणाऱ्या ओठांवर एक झकास प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या जॉन फ्लॅवेल यांनी १९६६ मध्ये मुलांना काही चित्रं लक्षात ठेवायला सांगितली आणि त्यांच्या डोक्यावर अंतराळवीराचं खेळण्यातलं शिरस्त्राण चढवलं. त्याची काच खाली ओढली की पोराला चित्रं दिसत नसत, पण ओठ उघडे राहत. आणि ओठ वाचायला शिकलेला माणूस समोर बसलेला. बालवर्गातल्या वीसपैकी दोघांचे ओठ हलले. पाचवीतल्या वीसपैकी सतरा जणांचे. पावकी-निमकी घोकून घेणाऱ्या आमच्या मास्तरांना वाटे की पाठांतर तेच शिकवतात. पण एखादी गोष्ट लक्षात ठेवायची तर ती आपणच मनात फिरवत ठेवावी लागते, ही युक्ती पोरांना साधारण याच वयात हाती लागते.

आता माझा एक गुन्हा सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी पोरांना नंबराप्रमाणे बसवत असे. हुशार पुढे, ढ मागे. तिसरीतला एक पोरगा कायम शेवटच्या रांगेत. एका शुक्रवारी सकाळी फळ्यावर उदाहरण घातलं: ४० गुणिले ३, आलेलं उत्तर २०० मधून वजा करा. हा खडू धरून उभाच राहिला. संध्याकाळी आठवडी बाजारात सांबार घ्यायला गेलो. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. एकदा पाहुणे आले आणि "भाजीवर सांबार टाकू का?" म्हटल्यावर गडबडून गेले. चश्म्या या गोष्टीवर अजून हसतो, बाल्याला तीत हसण्यासारखं काय ते कळत नाही. एका शब्दाचे दोन अर्थ एकदम डोक्यात धरता येऊ लागले, की असे विनोद कळतात.) तर बाजारात पोत्यावर सांबाराच्या जुड्या मांडून कोण बसलेलं? तोच. जुडी चाळीस पैशाला. मी तीन घेतल्या, दोनची नोट दिली. त्यानं माझ्याकडे न पाहता ऐंशी पैसे मोजून हातावर ठेवले.

सकाळचंच उदाहरण होतं ते. माझ्या लक्षात आलं, त्याच्या नाही.

ब्राझीलच्या रेसिफे शहरात फेरीवाल्या पोरांचा असाच अभ्यास १९८५ मध्ये छापून आला. धंद्यावर बसलेली असताना त्यांचे हिशोब ९८ टक्के बरोबर. तसलेच आकडे नुसते कागदावर दिले तर ३७ टक्के. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या पोरांबद्दल तशीच गोष्ट निघाली, आणि सोबत तिची दुसरी बाजूही: फक्त शाळेत जाणाऱ्या पोरांना बाजारी हिशोब जमेनात.

पण मला बोचलं ते वेगळंच. सोमवारी त्या पोराला म्हटलं, बाजारात येते नं तुले? तर म्हणाला, "ते गनित नाई गुर्जी. मले गनित नाई येत." हे त्याला मी शिकवलं होतं, रांगेत मागे बसवून. बालवाडीत जाऊन विचारा, इथं सगळ्यात जोरात कोण पळतो? सगळे हात वर. तिसरी-चौथीत विचारा, सगळी बोटं एकाच पोराकडे. स्वतःला दुसऱ्याच्या शेजारी उभं करून मापायची अक्कल मधल्या या दोन-तीन वर्षांत येते. शहाणपणाचीच खूण आहे ती, पण तिची धार पोराच्याच अंगाला लागते. त्या सोमवारपासून मी नंबराच्या रांगा मोडल्या. उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे भुलाबाई होती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या पोरी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून विचारतात: खाऊ ओळखा. मला गाण्यांपेक्षा हा ओळखण्याचा भाग आवडतो. मी खुर्ची टाकून नुसता ऐकत बसलो.

बाल्यासारखी चिल्लीपिल्ली ओरडत होती, "लाडू! पेढा! केळं! बिस्किट!" जे आवडतं ते. चश्म्यानं जरा डोकं चालवलं: "गोड का तिखट?" उत्तर आलं, दोन्ही नाही. लगेच तो पुन्हा "मुरमुरे? फुटाने?" वर घसरला. मग ताई पुढे झाली. डबा कानाशी धरून हलवला. "तळलेलं हाय का?" नाही. "विकतचं हाय का?" नाही. "शेतातून आलं?" हो. "सोलून खा लागते?" हो. मग डबा खाली ठेवला, दमानं म्हणाली, "उकडलेल्या फल्ल्या." चार प्रश्नांत तिनं अर्धं जग बाजूला सारलं, मग उरलेल्याचं अर्धं, मग त्याचं अर्धं. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मुलांपुढे ४२ चित्रं मांडून हाच खेळ खेळून पाहिला होता. सहा वर्षांची मुलं एकेका चित्रावर थेट बोट ठेवत. आठची मधल्या वाटेवर. अकराची बहुतेक सगळी ताईसारखी गाळत गाळत येत. भुलाबाईचा डबा कोणत्या डोक्यातून निघाला ते इतिहासाला ठाऊक नाही, पण ते डोकं बुद्धीच्या परीक्षा काढायला कमी नव्हतं.

रविवारी सकाळी घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर कंच्यांचा डाव बसला. बाल्याला घेतलं होतं, पण कच्चा लिंबू म्हणून. खेळ म्हणावं तर खेळतो, त्याचा कंचा हुकला तरी तो बाद नाही, त्याच्यावर राज्य नाही, आणि जिंकला तरी धरत नाही. माझ्या मते पोरांच्या समाजानं केलेला हा सगळ्यात सुंदर कायदा आहे. कोणा मोठ्यानं तो लिहिलेला नाही, सुपरवायझर नाही, तरी गल्लोगल्ली चालतो. लहानग्याला हाकलायचं नाही आणि डावही बिघडू द्यायचा नाही, अशी दोन्हीकडची सोय सात-आठ वर्षांची पोरं आपसात करतात.

पियाजे जिनिव्हात आणि न्यूशातेलमध्ये पोरांजवळ बसून हेच विचारत असे: कंच्यांचे नियम कोणी केले? बदलता येतील का? १९३२ च्या त्याच्या पुस्तकात ती उत्तरं आहेत. मी बाल्याला विचारलं. "मामानं केले." बदलता येतील? "नाई! मंग ते कंचेच नाई." चश्म्या म्हणाला, येतील, पण मधातच बदलले तर चीटिंग. ताईनं खांदे उडवले. "सगळ्यांनी ठरवलं तं काईबी करता येते." पियाजेच्या स्विस पोरांनी याहून वेगळं काही सांगितलं नव्हतं. आणि ही समज शाळेच्या तासाला येत नाही. भांडताना येते, कट्टी घेताना, रडीचा डाव खेळलेल्याला आठवडाभर वाळीत टाकून पुन्हा बोलावताना. आमच्या कॉलनीत आता शिकवण्या, अबॅकस, कराटे, सगळं आहे. प्रत्येक ठिकाणी शिट्टी वाजवायला एक मोठा माणूस आहे. माझं मत विचाराल तर आठवड्यातले दोन वर्ग बंद करून तो रिकामा प्लॉट राखावा.

डाव ऐन रंगात असताना बाल्यानं कंचा हातात धरून जाहीर केलं, "मी कच्चा लिंबू नाई. माह्यावरबी राज्य द्या." पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. चश्म्या म्हणाला, "हरला तं रडू नको मंग." पहिल्याच फेरीत हरला. राज्य आलं. ओठ घट्ट दाबले, रडला नाही, आणि त्या दाबण्यात दात पडला.

तो दात त्यानं मुठीत माझ्याकडे आणला. आमच्या लहानपणी पडलेला दात कवेलूंवर फेकायचा रिवाज होता. आता वर स्लॅब. फेकला तर टाकीपाशी जाऊन पडेल. म्हणून आधी आम्ही तो नीट पाहिला. वर तांदळासारखा पांढरा, खाली पोकळ, कडा खाल्लेल्यासारख्या. चश्म्यानं ओळखलं: "याले मूळच नाई." मूळ होतं. तेही चांगलं लांब. पण खालून पक्का दात वर सरकू लागला, की त्याच्या वाटेवरच्या काही खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवत आणतात. रस्ता रुंद करताना आधी आतला पाया उकरावा, वरची भिंत मग बोटानं ढकलली तरी पडावी, तसं. ज्याला आपण पडलेला दात म्हणतो, तो मूळ खाऊन उरलेला टोप असतो. सहा ते बारा या वर्षांत हे काम वीस वेळा होतं.

हा क्रम इतका नेमाचा, की त्यावरून वय ठरवत. इंग्लंडमध्ये गिरण्यांत नऊ वर्षांखालची पोरं घ्यायला बंदी आली, तेव्हा आईबाप आणि मालक वय फुगवून सांगू लागले. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्यानं दाखवून दिलं, की उंचीपेक्षा दात खरं बोलतात. आपल्याकडे १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानं सात पूर्ण झालेल्या पोराला कामावर घ्यायला मोकळीक दिली होती. बारापर्यंतच्यांना दिवसाला नऊ तास. म्हणजे बाल्याला पुढल्या वर्षी चाललं असतं.

बाल्याचं तोंड उघडून मी टॉर्चनं आत पाहिलं. पुढे नवी खिडकी, तिच्यातून पक्क्या दाताची करवतीसारखी कड डोकावत होती. आणि अगदी मागे, दोन्ही बाजूंना, हिरडी फाडून अर्धवट वर आलेली एकेक रुंद दाढ. ही दाढ कोणाच्या जागी येत नाही, तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कोणाला कळत नाही. तिचं कवच तयार व्हायला पोर जन्मतं त्याच सुमाराला सुरुवात होते आणि सहा वर्षांनी ती बाहेर येते. दुधाचीच असेल, पडेल, असं समजून लोक ती किडू देतात.

तुमच्या घरी पहिली-दुसरीतलं पोर असेल तर आज रात्री ब्रश करताना टॉर्च घेऊन पाहा. मधल्या दातापासून मागे मोजत जा. सहावी. ती पडणार नाही, आणि ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.